मी गप्प असते तेव्हा

तोर्शाव्नच्या इस्पितळात
माझ्या खोलीला खिडकी आहे. मीच तिला काळं कापड लावलंय.
जूनमध्ये आमच्या बेटांवर रात्र धड होत नाही
आणि मला बघायला अंधार लागतो.

मार्युन आली तेव्हा आठवा आठवडा.
इतक्या लवकर पोटावरून नीट दिसत नाही, आतून बघावं लागतं,
हे मी आधीच सांगून टाकते, नवऱ्याकडे न बघता.
तो होग्नी. कॉडच्या बोटीवर असतो.
लोकरीची टोपी पिळत उभा होता, जणू ओली आहे.
पडद्यावर राजम्याएवढं काही,
त्यात काहीतरी लुकलुकत होतं.
मी डोक्यापासून बुडापर्यंत मोजलं,
तारीख चार दिवस पुढे ढकलली.
फेब्रुवारीचे चार दिवस.
होग्नीने ते बोटांवर मोजून पाहिले.

बाराव्या आठवड्यात मानेमागची पाण्याची पट्टी मोजतात.
तांदळाच्या दाण्याहून बारीक असावी.
"आणि जाड निघाली तर?"
तर एक आकडा निघतो, म्हटलं, इतक्यांत एक असा.
तो निकाल नसतो. शंकेचं वजन असतं.
पट्टी बारीक होती.
मग होग्नीला कंठ फुटला:
हे तर आमच्या बोटीवरच्या यंत्रासारखंच,
आवाज खाली सोडायचा, परत येईल तो वाचायचा.
"पण इथे तळ कुठाय?"
मी बोट ठेवलं सगळ्यात खालच्या पांढऱ्या रेघेवर.
हा मार्युनचा कणा.
तळ तीच आहे.

विसाव्याची तपासणी लांबलचक.
हृदयाचे कप्पे चार, मूत्रपिंडं दोन,
ओठ सलग आहे का, पोटात पाण्याचा काळा थेंब आहे का.
मी बोलायची थांबते
आणि लोक माझं न बोलणं वाचू लागतात.
"काय झालं?"
"मोजतेय."
आमच्या धंद्यात हा शब्द कधी खोटा ठरत नाही.
नाळेत तीन वाहिन्या हव्यात.
मला दोन सापडल्या.
हात फिरवला, तिला कुशीवर वळायला सांगितलं.
दोनच.

डॉक्टर आल्या, म्हणाल्या, बहुतेक बाळं यातून छान वाढतात.
मार्युनने त्यातलं फक्त "बहुतेक" घरी नेलं.

म्हणून मग अठ्ठाविसावा, बत्तिसावा,
दक्षिणेच्या बेटावरून दोन तासांची फेरी,
एकदा वादळाने तीही रद्द.
डॉप्लर लावला की नाळेतलं रक्त ऐकू येतं,
दारामागे कुणी झाडू मारतंय तसं,
सर्र, सर्र, आणि मधली ती फट,
जी भरलेली असली पाहिजे.
भरलेली होती.

सासू सुन्नुवा एकदा सोबत आली. तिला चेहरा हवा होता.
थ्री-डीचं बटण दाबलं:
ओल्या मातीचा, सोनेरी, डोळे मिटलेला चेहरा.
"नाक आमच्याकडचं!" ती खूश होऊन म्हणाली.
मी छापून दिला.
मला शोधायचं असतं ते चेहऱ्यावर कधीच नसतं.

पस्तिसाव्याला वाढीची रेघ
आपल्या वाटेवरून जराशी घसरलेली दिसली.
जराशी.
डोकं पुन्हा मोजलं, मांडीचं हाड पुन्हा.
मार्युन आता पडद्याकडे बघतच नव्हती,
माझ्याकडे बघत होती.
आणि मी, पंधरा वर्षांचा सराव असूनही,
माझ्या चेहऱ्याचं काय करावं ते विसरले.

होग्नी उठला.
थर्मासचं झाकण फिरवल्याचा आवाज आला.
"यंत्रावर काही उमटत नाही तेव्हा
आमचा कप्तानही असाच गप्प होतो," तो हळूच म्हणाला.
"आम्ही काही विचारत नाही."
त्याने झाकणभर काळी कॉफी
माझ्या कोपराशी ठेवली,
जिथे काही ठेवायला सक्त मनाई आहे.

मी प्यायले.
मग पोटावर थोडं जेल घेतलं
आणि पोटाचा घेर
पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.